सिनेमातला साचा मोजायचा कसा? गावात आणि कॉलेजात घ्यायच्या बैठकीची कृती

"सिनेमाचा समाजावर परिणाम होतो का?" हा विषय वादविवाद स्पर्धेत हमखास असतो आणि "होतो", "नाही होत" इथेच संपतो. दोन्ही बाजू मतं मांडतात. पडद्यावर कोण किती वेळ बोललं, कोणाला नाव होतं, हसू कोणावर आलं, हे कोणीच मोजलेलं नसतं. खालची पद्धत साचा, म्हणजे एखाद्या प्रकारच्या माणसाचं पडद्यावर पुन्हा पुन्हा दिसणारं तेच ते ठरावीक चित्र, मोजण्याची आहे. ती रासेयोच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) गटाला, गावच्या वाचनालयाला, बचत गटाला, शाळेतल्या नववी-दहावीच्या वर्गाला चालते. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे समोर ठेवून उदाहरणं दिली आहेत, कारण साचा ओळखायची सगळ्यात सोपी कसोटी म्हणजे आपल्या ओळखीचं माणूस.

साचा मनावर बसतो कुठे, ते आधी समजून घ्या

एका सिनेमानं मत बनत नाही. तीच गोष्ट पन्नास सिनेमांत तशीच दिसली की बनतं. जॉर्ज गर्बनर या अमेरिकी अभ्यासकानं १९६० च्या दशकाच्या शेवटापासून टीव्हीवर हेच काम केलं. पडद्यावरची हिंसा वर्षानुवर्षे मोजली आणि जास्त टीव्ही बघणाऱ्यांना बाहेरचं जग जास्त धोक्याचं वाटतं, हे दाखवलं. त्याच्या मांडणीत भर एका कार्यक्रमावर नव्हता, वर्षानुवर्षांच्या सवयीवर होता.

दुसरी बाब ओळखीची. ज्या माणसांशी आपला रोजचा संबंध आहे त्यांच्याबद्दल सिनेमा आपल्याला सहज फसवू शकत नाही. पाटलाचंच बघा. मराठी ग्रामीण सिनेमात पाटील म्हणजे वाडा, मिशा, बाईवर नजर. निळू फुल्यांनी अशा भूमिका इतक्या ताकदीनं केल्या की पडद्यावरचा पाटील म्हटलं की तोच चेहरा उभा राहतो. वंशपरंपरागत पाटीलकी कायद्यानं १९६० च्या दशकातच संपली होती, पडद्यावरची पुढे कितीतरी वर्षं चालू राहिली. पण खान्देशात 'पाटील' हे वर्गातल्या निम्म्या हजेरीचं आडनाव असतं. तीन एकर कपाशीवाला पाटील, बसचा कंडक्टर पाटील, नर्स पाटील. इथल्या प्रेक्षकाला तो साचा खोटा आहे हे सांगावं लागत नाही. तोच प्रेक्षक ईशान्येकडचा मुलगा, मुंबईतली बारमधली बाई किंवा दक्षिणेकडचा माणूस यांच्याबद्दल मात्र सिनेमावरच भरवसा ठेवतो, कारण दुसरी ओळख नाही. आणि सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा आदिवासी माणसाबद्दल पुण्या-मुंबईचा प्रेक्षक नेमकं हेच करतो. बैठकीचा सगळा डोलारा या फरकावर उभा आहे, म्हणून तो पहिल्या दहा मिनिटांत फळ्यावर लिहा.

तिसरी बाब: साचा बहुतेक वेळा सिनेमाच्या आधीचा असतो. १८२५ साली इंग्रजांनी खान्देश भिल्ल कोअर (भिल्ल शिपायांची पलटण) उभारली, तिचं ठाणं धरणगावला होतं. त्या काळच्या सरकारी कागदांत भिल्ल म्हणजे लुटारू. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातींवर शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला, पण पडद्यावरचा दरोडेखोर पारधी त्या वर्षी गेला नाही. सिनेमावाले ती प्रतिमा शोधून काढत नाहीत, तयार मिळते ती वापरतात आणि मजबूत करतात. हे सांगितलं नाही तर चर्चा "दिग्दर्शक वाईट" एवढ्यावर अडकते.

आणि परिणाम नेहमी वाईटच असतो असंही नाही. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास भारतातल्या खेड्यांचा आहे. ज्या गावांत केबल टीव्ही आला तिथल्या बायकांच्या उत्तरांत 'नवऱ्यानं मारणं योग्य' म्हणण्याचं प्रमाण घटलं आणि मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला. हे बायकांनी सांगितलेलं मत आहे, घरातलं वागणं कोणी बसून पाहिलेलं नाही. पण पडद्यावर वेगळ्या तऱ्हेनं जगणारी बाई रोज दिसण्याला किंमत आहे, एवढं त्यातून कळतं.

माणसं, वेळ, जागा

पंधरा ते पंचवीस माणसं. पंधरापेक्षा कमी असली तर मोजणीच्या जोड्या पुरत नाहीत, पंचविसाच्या वर गेली तर मागची रांग नुसती बघायला बसते. एकूण वेळ सव्वादोन तास धरा.

तारीख ठरवताना शेतीचं आणि सणांचं भान ठेवा. ऑक्टोबर ते डिसेंबर कापूस वेचणीत बायका सकाळी जातात आणि संध्याकाळी थकून येतात, त्या महिन्यांत महिलांची बैठक लावली की पुरुषच येतात. आखाजीला (अक्षय तृतीयेला) सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, त्या आठवड्यात गावात सगळ्यात मोकळी चर्चा होते. अक्कलकुवा, धडगाव भागातली बरीच कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत गेलेली असतात, होळीला परततात. तिथे होळीनंतरचीच तारीख धरा. एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याच्या सभागृहात कोणालाही बसवू नका, प्रोजेक्टरही तापून बंद पडतो. सूर्यास्तानंतर सुरू करा.

पंधरा जणांना ४३ इंची टीव्ही पुरतो. त्याहून जास्त असतील तर साधारण ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर आणि आठ फूट रुंद पांढरा कपडा, दुहेरी घेतलेला, म्हणजे मागचा उजेड आरपार येत नाही. खरी अडचण चित्राची नसते, आवाजाची असते. बोली मोजायची असेल तर संवाद स्वच्छ ऐकू यायला हवा, म्हणून लॅपटॉपच्या आवाजावर विसंबू नका, वेगळा स्पीकर लावा आणि तो पडद्याजवळ ठेवा. भारनियमनासाठी घरगुती इन्व्हर्टर आधी तपासून घ्या. ३०० वॅटचा प्रोजेक्टर आणि १५० अँपिअर-तासाची चांगल्या स्थितीतली बॅटरी असेल तर दीड तास निघतो.

परवानगीबद्दल: कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेच्या कामाचा भाग म्हणून विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसांपुरता सिनेमा दाखवायला सूट आहे. चौकात, जत्रेत, सगळ्यांना खुला कार्यक्रम करायचा तर हक्कधारकाची परवानगी लागते. म्हणून बैठक शाळा-कॉलेजच्या नावानं आणि त्यांच्याच आवारात घेणं सोयीचं. सिनेमाचं सेन्सॉर प्रमाणपत्रही बघा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए मध्ये ७+, १३+ आणि १६+ अशा पायऱ्या झाल्या आहेत. नववीच्या वर्गासाठी १६+ चा सिनेमा निवडू नका.

तुकडे निवडणं

पूर्ण सिनेमा दाखवू नका. अडीच तासांनी माणसं गोष्टीत बुडालेली असतात, मोजायच्या मनःस्थितीत नसतात. बहुतेकांनी पाहिलेला, शक्यतो गाजलेला सिनेमा घ्या आणि त्यातले चार तुकडे, प्रत्येकी चार ते सहा मिनिटांचे:

पात्राचा पहिला प्रवेश (कॅमेरा आधी काय दाखवतो, चेहरा, पाय की कंबर), एक विनोदी प्रसंग, जिथे मुलगी नाही म्हणते आणि मुलगा मागे लागतो असा प्रसंग, आणि शेवट.

या चारांत विनोदी प्रसंगाला सगळ्यात जास्त वेळ द्या. गंभीर प्रसंगात लेखक सावध असतो. हसवताना तो हाताशी असलेलं उचलतो: नोकराची बोली, जाड बाई, तोतरेपणा, काळा रंग, बायकी चालीचा पुरुष. साचा तिथे उघडा पडतो.

प्रत्येक तुकडा दोनदा दाखवायचा. पहिल्यांदा नुसता, दुसऱ्यांदा मोजत. एकदाच दाखवून लगेच "काय दिसलं?" विचारलं तर लोक गोष्ट सांगतात.

आधी अंदाज, मग मोजणी

तुकडे सुरू होण्याआधी प्रत्येकाला एक कागद द्या आणि नाव न लिहिता चार अंदाज लिहायला सांगा. "आपल्या गावात कापूस वेचणाऱ्या दहा माणसांत बायका किती? सिनेमातल्या दहा शेतकऱ्यांत किती?" "आपल्या तालुक्यातल्या दहा सरपंचांत बायका किती? सिनेमातल्या दहांत किती?" कापूस वेचणी जवळजवळ सगळी बायकांची, हे इथे कोणाला सांगावं लागत नाही, पण पडद्यावर शेतकरी म्हणजे बैलामागचा पुरुष, नाहीतर कर्जापायी फास घेणारा पुरुष. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत, पडद्यावरचा सरपंच अजून फेटेवाला. स्वतःच्या हातानं लिहिलेल्या दोन आकड्यांमधलं अंतर माणसाला जितकं पटतं तितकं भाषण पटत नाही.

मोजणीचा तक्ता असा आखा. उभ्या रांगेत पात्रं, आडव्या रकान्यात सात गोष्टी: नाव उच्चारलं का, काम करताना दिसलं का (नुसतं सांगितलं नव्हे, दिसलं), किती वाक्यं बोललं, कोणत्या बोलीत, त्याच्यावर कोण हसलं, मार कोणी दिला आणि कोणी खाल्ला, शेवटी काय मिळालं.

प्रत्येक रकाना दोघांकडे द्या आणि दोघांनी एकमेकांचं न बघता रेघा मारायच्या. मग ताळा. एकानं २० आणि दुसऱ्यानं २२ मोजले तर ठीक. २० आणि ३० आले तर माणसं चुकलेली नसतात, व्याख्या ढिली असते. 'वाक्य' म्हणजे काय? ओरडणं, हाक मारणं, गाणं धरायचं का? ते ठरवा आणि तो तुकडा पुन्हा लावा. हा वेळ वाया जात नाही. "हे हसणं चिडवण्याचं की बरोबरीचं?" असा वाद इथेच पेटतो आणि तो सगळ्या बैठकीतला सगळ्यात फळणारा वाद असतो.

शेवटच्या रकान्यामागे एक कारण आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९६० च्या दशकात लहान मुलांना फिल्म दाखवली, त्यात एक माणूस बाहुल्याला बडवत होता. त्याला शिक्षा झालेली पाहिलेल्या मुलांनी कमी नक्कल केली. पण नंतर "करून दाखव, बक्षीस देतो" म्हटल्यावर त्यांनीही जवळजवळ तेवढंच करून दाखवलं. शिकणं झालेलंच होतं. म्हणून "शेवटी खलनायक मरतो, मग काय बिघडलं?" या प्रश्नाला उत्तर असं की शिक्षा कोणाला झाली तेवढं लिहून थांबू नका, दोन तास मजा कोणाला आली तेही लिहा. आणि नायिकेच्या मागे लागणाऱ्या मुलाला शेवटी तीच मुलगी मिळते, त्याला तर शिक्षाही नसते.

जोडीला ती प्रसिद्ध तीन प्रश्नांची कसोटी लावता येते. अमेरिकी व्यंगचित्रकार अॅलिसन बेक्डेल यांच्या १९८५ मधल्या व्यंगचित्रपट्टीतून ती आली: सिनेमात निदान दोन बायका आहेत का, त्या एकमेकींशी बोलतात का, आणि पुरुषाखेरीज दुसऱ्या विषयावर बोलतात का. दोन मिनिटांत होते म्हणून ती घ्या, पण तिच्यावर निकाल देऊ नका. एखादा सिनेमा पास होऊनही बाईचा अपमान करतो, आणि एकट्या बाईची उत्तम गोष्ट सांगणारा नापास होतो. एका सिनेमापेक्षा वर्षभरातल्या वीस सिनेमांना लावली तर तिचा खरा उपयोग दिसतो.

चर्चा कशी चालवायची

क्रम मोडू नका: काय दिसलं, किती वेळा, लेखकाला ते का लागलं, आणि कोणाचं नुकसान होतं. "सिनेमा चांगला की वाईट?" हा प्रश्न पूर्ण बंद. तो विचारला की नायकाचे चाहते एका बाजूला आणि उरलेले दुसऱ्या बाजूला.

ज्या भाषेत लोक घरी बोलतात त्या भाषेत विचारा. "आपला गावमा आसं व्हस का?" असं अहिराणीत विचारलं की जे प्रमाण मराठीत मान हलवतात ते बोलायला लागतात. तळोदा-धडगावकडे पावरी, भिलोरी या आदिवासी बोली बोलणारं कोणीतरी बैठकीच्या चालकाबरोबर हवंच. याच ठिकाणी बोलीचा रकाना वाचून दाखवा. मराठी सिनेमात 'गावाकडची भाषा' म्हणून बहुतेक वेळा दक्षिण महाराष्ट्राची बोली येते, विनोदाला वऱ्हाडी येते, अहिराणी क्वचितच ऐकू येते, आणि आली तर नोकराच्या, गावंढळाच्या तोंडी. आपली बोली बोलणारा वकील, डॉक्टर, नायिका पडद्यावर कधी पाहिली का, हे मुलांना विचारा. घरची बोली कॉलेजात लपवणाऱ्या मुलांसाठी हा प्रश्न फार जवळचा आहे, त्याला घाई करू नका.

दुसरं हक्काचं उदाहरण भोंगऱ्याचं. होळीच्या आधीचा हा सातपुड्यातला बाजार, सणाची खरेदी, ढोल आणि पावरी ही वाद्यं, नातेवाइकांच्या भेटी. बाहेरच्या कॅमेऱ्यांनी तो 'मुलगी पळवून नेण्याचा सण' करून टाकला आणि आदिवासी संघटनांनी त्याला वेळोवेळी हरकत घेतली. हा विषय घ्यायचा तर त्या बाजाराला लहानपणापासून जाणारी दोन-तीन माणसं बैठकीत हवीत, आणि सुरुवात त्यांनी 'बाजारात आपण काय घेतो' इथून करावी.

मिश्र गटात बायका गप्प राहत असतील तर वीस मिनिटं वेगळे गट करा, मग एकत्र या. एकत्र आल्यावर बायकांच्या गटाचे आकडे आधी वाचा.

अदलाबदल

शेवटची वीस मिनिटं याला. विनोदी तुकड्यातली दोन पात्रं निवडा आणि त्यांची फक्त एकच गोष्ट बदला. नोकराची बोली मालकाला द्या आणि मालकाची नोकराला. किंवा बायकोचे संवाद नवऱ्याला. गटातल्याच दोघांनी उभं राहून वाचायचं. विनोद टिकला तर तो प्रसंगातला होता. विझला तर तो बोलीवर, बाईवर किंवा शरीरावर उभा होता. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर काहीच कळत नाही, ही चूक हमखास होते.

अपंगत्वावरच्या विनोदाला हीच कसोटी लावताना एक आधार आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपंग व्यक्तींच्या चित्रणाबद्दल निर्णय दिला आणि अपंगांना तुच्छ लेखणारा विनोद आणि अपंगत्व समजून घ्यायला मदत करणारा विनोद यांत फरक केला. शाळेत हा फरक मुलं लवकर पकडतात.

बिघडतं कुठे

सगळ्यात वाईट बिघाड म्हणजे वर्गातल्या एकुलत्या एका पारधी, मुस्लिम किंवा तृतीयपंथी माणसाकडे सगळ्यांनी वळून "तू सांग, तुमच्यात असंच असतं का?" विचारणं. ते चालकानं तिथल्या तिथे थांबवलं पाहिजे. कोणी स्वतःहून बोललं तर ऐका, पण पूर्ण समाजाच्या वतीनं उत्तर द्यायला कोणालाही उभं करू नका. तसा तुकडा दाखवायचाच असेल तर त्या व्यक्तीला दोन दिवस आधी एकट्यानं विचारा, आणि ती नको म्हणाली तर दुसरा निवडा.

दुसरा बिघाड: अपमानकारक तुकडा दाखवून लोक हसले, वेळ संपला, सगळे घरी गेले. अशा वेळी बैठकीनं साचा पक्का करूनच दिला. म्हणून प्रत्येक तुकड्यानंतर मोजणी झाल्याशिवाय पुढचा लावायचा नाही. वेळ कमी पडला तर तुकडे कमी करा, मोजणी नाही.

"मनोरंजनच आहे, एवढं काय" असं कोणी म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नका, त्याला 'कोणावर हसले' हा रकाना मोजायला द्या. आणि चालक स्वतः शिक्षक असेल तर त्यानं पहिली चाळीस मिनिटं स्वतःचं मत सांगू नये, नाहीतर मुलं सरांना हवं तेच मोजतात.

फोनवरचे व्हिडिओ

कॉलेजची मुलं आता सिनेमापेक्षा रील्स आणि यूट्यूबवरचे विनोदी व्हिडिओ जास्त बघतात, त्यांतले कितीतरी धुळे-जळगाव-मालेगाव पट्ट्यातच बनतात. तक्ता तोच, फक्त रकाने तीन: थप्पड कोणी मारली आणि कोणी खाल्ली, बायकोला नाव होतं का, कमी उंचीच्या किंवा जाड पात्रावर किती वेळा हसले. प्रत्येकानं आपल्या फोनवर ओळीनं आलेले दहा व्हिडिओ घ्यायचे, निवडायचे नाहीत. निवडले की हवं तेच सापडतं. इथे एक वेगळी शक्यताही आहे: बनवणारा जवळच राहतो. मोजणीचे आकडे नीट लिहून त्याला पाठवता येतात, त्याला बैठकीला बोलावता येतं. शिव्या न घालता आकडे दिले तर ऐकून घेणारे भेटतात.

फरक पडला का, ते बघणं

एका बैठकीनं कोणाचं मत बदललं असं समजू नका. सहा आठवड्यांत चार बैठका धरा. पहिल्या बैठकीआधी सहा विधानं द्या, उदाहरणार्थ "मुलगी नाही म्हणते म्हणजे तिला मनवायचं असतं", "बोलीवरून माणसाचं शिक्षण कळतं", आणि त्यांवर पटतं, नाही पटत, सांगता येत नाही अशी खूण. नावाऐवजी प्रत्येकानं स्वतः ठरवलेला अंक लिहायचा, म्हणजे कागद जुळतात आणि माणूस उघडा पडत नाही. तेच कागद चौथ्या बैठकीनंतर आणि पुन्हा महिनाभरानं भरून घ्या. चौथ्या बैठकीनंतरचे आकडे नेहमी जास्त गोड येतात, कारण लोकांना काय अपेक्षित आहे ते कळलेलं असतं. महिन्यानंतरचा कागद धरा. त्यात 'सांगता येत नाही'च्या खुणा वाढल्या असतील तर निराश होऊ नका. पक्कं 'पटतं' तिथे आलेलं असेल तर काम सुरू झालेलं आहे, पुढच्या फेरीत तेच विधान घेऊन त्याचे तुकडे निवडा.